कपडे बदलायची खोली

आमच्या कारखान्यात गोळ्या बनतात. तापाच्या, पित्ताच्या, रक्तदाबाच्या. जिथं त्या बनतात तिथं घरचं काही नेता येत नाही. धारहून निघालेली बस पीथमपुरला लागली की आम्ही बायका आधी एका खोलीत जातो आणि अंगावरचं सगळं उतरवतो. साडी, पोलकं, टिकली, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र. मग कंपनीचा पायजमा-सदरा चढवायचा, केस टोपीत कोंबायचे, पुढच्या दाराशी आणखी एक पांढरा झगा, तोंडाला मास्क, हातात मोजे. आत गेल्यावर माणसाचे नुसते डोळे उरतात. सवाष्ण कोण, विधवा कोण, कुणाच्या गळ्यात सोनं आणि कुणाच्या काळा दोरा, काही कळत नाही.

नव्या मुली मंगळसूत्र काढताना हमखास रडतात. मीही अडखळले होते. देवासला आमच्या माहेरी बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. त्या घरातल्या मुलीनं रोज आपल्या हातानं गळा मोकळा करायचा म्हणजे काय! तेव्हा तिथल्या एका जुन्या बाईनं मला खोलीची पद्धत शिकवली. मंगळसूत्र डोळ्यांना लावायचं, रुमालात बांधायचं आणि शेजारणीच्या कप्प्यात ठेवायला द्यायचं. तिचं आपण ठेवायचं. आपण काढून टाकलं असं मग होत नाही, तिनं सांभाळलं असं होतं. मी ते निमूट शिकले आणि पुढं कितीतरी जणींना शिकवलं.

ही खोली आम्हाला कुणी आंदण दिलेली नाही. पूर्वी बायकांची आणि पुरुषांची बाजू एकाच हॉलमध्ये होती, मधे प्लायवूडचा आडोसा, तोही जेमतेम डोक्याएवढा. एका सकाळी त्या आडोशावर मोबाइल दिसला. ज्या मुलीवर तो रोखलेला होता ती हाटपिपल्याची. आमच्यात बायकांना माहेरच्या गावानं ओळखतात, म्हणून इथंही मी तिला तेच म्हणेन. नुकतंच लग्न झालेली, पीथमपुरजवळच्याच एका खेड्यात दिलेली. ती किंचाळली, साडी अंगाभोवती गुंडाळली आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. मोबाइलवाला कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची दुसऱ्या युनिटला बदली झाली, तीही त्याच्या घराजवळच्या. हाटपिपल्याचीला मात्र सासऱ्यानं सांगितलं, काम सोड. चोर सोडून संन्याशाला सुळी.

तेव्हा आम्ही सगळ्या गेटबाहेर जमिनीवर बसकण मारली. मी पुढं होते. माझी जीभ लहानपणापासून तिखट आहे, तिचा एवढा एकच उपयोग आजवर झाला. विटांची भिंत उभी राहिली, वेगळं दार झालं, दाराला आतून कडी लागली. हाटपिपल्याची कामावर टिकली ती त्या भिंतीमुळं. त्या कडीला आम्ही हळदकुंकू वाहिलं. साहेब लोक हसले. त्यांच्या बायकांना कपडे बदलताना कुणी बघत नव्हतं.

आता दुसरीविषयी, जिच्यासाठी हे सगळं सांगतेय. ती माझ्या माहेरच्या गल्लीतली, टेकडीच्या पायथ्याची. माझ्याहून बरीच लहान. तिच्या घराण्यातली माणसं म्हणे पूर्वी देवास संस्थानात, थोरल्या पातीच्या पागेत होती. संस्थान जाऊन किती काळ लोटला, पण तिच्या बापाच्या मिशीतून ते काही गेलेलं नाही. मुलगा म्हणून वाढवलेलं पोर मुलगा नाही हे त्याला कळलं तेव्हा त्यानं तिला दाराबाहेर काढलं आणि 'आमच्यात मर्द निपजतात' असं गल्लीला ऐकवलं. आई मात्र एक पिशवी भरून तिच्यामागोमाग धारला आली. दोघी आमच्या घरापासून जवळच भाड्यानं राहतात. आईची मूत्रपिंडं गेली आहेत. हप्त्यातून दोनदा तिचं रक्त मशीनवर धुवावं लागतं आणि ते होतं लेकीच्या कंपनीच्या कार्डावर. ही नोकरी गेली तर आई जाते, इतकं ते सरळ आहे.

माझ्याच कारखान्यात ती गोळ्या दाबण्याच्या मशीनवर होती. बरीच वर्षं पुरुषांच्या बाजूनं आत जात होती. तिकडं काय चालायचं ते ती सांगत नसे. एवढंच दिसायचं की ती बसमधून उतरून सगळ्यांच्या आधी पळत सुटे, म्हणजे खोली भरायच्या आत कपडे बदलून होतील. सगळे तिला भिया म्हणत, म्हणजे भाऊ. इकडं भिया कुणालाही म्हणतात, दूधवाल्याला, पोलिसाला, पण तिला म्हणताना ते जरा लांबवून म्हणत.

मग तिनं मोठी रजा घेतली. इंदूरला ऑपरेशन झालं, कलेक्टर कचेरीतून बाई असल्याचं ओळखपत्र मिळालं आणि ती परत आली ती सलवार-कुर्त्यात, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरून. बांगड्या आईनं भरल्या होत्या. त्या दिवशी ती आमच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि आत यायला तिचे पाय उचलेनात. मी म्हटलं, "ये, उभी काय राहिलीस? शिफ्ट तुझ्यासाठी थांबणार आहे?" ती आली. बाकीच्यांनी पदर सावरले. बांगड्या निघेनात, तेव्हा मी बेसिनपाशी साबण लावून एकेक उतरवली. माझ्याही मनात एक कळ आली, ती लपवत नाही. इतकी वर्षं ज्याला मुलगा म्हणून पाहिलं त्याच्यासमोर पदर काढायचा होता. मी पाठ फिरवली आणि बदलले कपडे. दुसऱ्या दिवशी पाठ फिरवायची आठवण राहिली नाही. माझी शेजारीण निवृत्त झाल्यापासून तिचा कप्पा रिकामा होता, तोच हिला मिळाला, म्हणून मी मंगळसूत्राचा रुमाल हिच्याच हातात दिला. तिनं तो असा धरला, जणू आत अंडं आहे.

हाटपिपल्याची मात्र दुसऱ्या दिवसापासून संडासात कपडे बदलू लागली. ओल्या फरशीवर, एका पायावर तोल सांभाळत. मी तिला गाठलं. "जीजी," ती म्हणाली, "वो अच्छी होगी, मैं मना नी कर री. पण मेरे को वो आवाज सुनाई देता है ना, भारी आवाज, तो मेरे हाथ-पाँव ठंडे पड़ जाते. मैं क्या करूँ?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती नाटक करत नव्हती.

या बाबतीत बोलायला लोकांना काय लागतं? उचलली जीभ लावली टाळ्याला. माझी पुतणी इंदूरला शिकते. तिला मी हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, ती बाई मागासलेली आहे, तिला समजावा." माझे दीर धारला चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, आज हा आला, उद्या कोणीही साडी नेसून घुसेल." पुतणीच्या होस्टेलला तिची स्वतःची खोली आहे, स्वतःची न्हाणी आहे. दीर तर अजून टॉवेल विसरले की बायकोला हाक मारतात. दोघांनाही मी सुनावलं. पुतणीला म्हटलं, त्या मुलीवर कॅमेरा रोखला होता तेव्हा तू कुठं होतीस? दिरांना म्हटलं, भावजी, त्या आडोशावरून ज्यानं हात वर केला तो साडी नेसून नव्हता आला, तो पॅंट घालून, टिळा लावून, तुमच्यासारखाच रामराम करत आला होता. ते रागावून उठून गेले. चहा मात्र पुरा पिऊन गेले.

मला तोड सोपी वाटत होती आणि अजूनही वाटते. खोली मोठी आहे. एका बाजूला चार बारक्या खोल्या काढायच्या, प्रत्येकीला दार, प्रत्येक दाराला कडी. जिला आडोसा हवा तिनं आत जावं. हाटपिपल्याचीला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "मेरे को तो किवाड़ चिए, जीजी. किवाड़ के उधर कौन है, मेरे को क्या लेना?" आणि तिला, देवासच्या आमच्या गल्लीतल्या पोरीला विचारलं, तर ती म्हणाली, "मला तर कधीपासून दार हवंय, जीजी." दोघींना एकच गोष्ट हवी होती. हे मी आजही कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडं अशा नजरेनं बघतात की जणू मी काहीतरी गाळून सांगतेय.

त्याच सुमारास एक दिवस बस उशिरा पोचली. सगळ्यांची धांदल. हाटपिपल्याचीनं संडासाकडं धाव घेतली, तर तिथं आधीच कुणी होतं. ती परत आली, समोर देवासची ही उभी. हिनं आपली चादरीसारखी मोठी ओढणी दोन्ही हातांनी पसरून धरली आणि मान वळवून खिडकीकडं बघत राहिली. हाटपिपल्याचीनं ओढणीमागं कपडे बदलले. जाताना मंगळसूत्राचा रुमाल तिनं हिच्या हातावर ठेवला आणि पळाली. मला वाटलं, सुटलं कोडं.

मी एचआरच्या साहेबांकडं गेले. दारांचं सांगितलं. ते म्हणाले, औषधाच्या कारखान्यात एक खिळा ठोकायचा तरी नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, मॅडम. त्याच हप्त्यात नव्या मॅनेजरसाठी काचेची केबिन उभी राहत होती, सुतारांची ठोकठोक आमच्या दोघांच्याही कानावर पडत होती. साहेबांनी खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, "हम लेडीज़ से ही पूछ लेते हैं. डेमोक्रेसी है."

कॅंटीनमध्ये सभा भरली. आम्हाला इतक्या वर्षांत कधी कुणी काही विचारलेलं नव्हतं. शिफ्ट बदलली तेव्हा नाही, बसचा थांबा घरापासून लांब नेला तेव्हा नाही, पाळणाघर बंद केलं तेव्हाही नाही. पहिल्यांदा विचारलं ते हे, की एकीला बाहेर काढायचं का. समोर साहेब, प्रॉडक्शनचे मॅनेजर आणि आमचा फ्लोअर सुपरवायझर. आणि इथंच सगळं बिघडलं. सुपरवायझर हाटपिपल्याचीच्या सासरच्या गावचा, नात्यानं चुलत जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ. आणखी चारपाच जणींचाही कुणी ना कुणी लागतो. मशीनपाशी सगळ्यांची तोंडं मास्कमागं असतात, म्हणून तिथं त्याच्याशी बोललेलं चालतं. कॅंटीनमध्ये मास्क नव्हता. त्याला बघताच त्या सगळ्यांनी पदर हनुवटीपर्यंत ओढले. जेठासमोर मालव्यातली सून तोंड उघडत नाही, मग आग लागो.

साहेबांनी विचारलं, "जिन लेडीज़ को कोई एतराज़ नहीं, वो हाथ उठा दें." मी हात वर केला. दोन म्हाताऱ्या बायकांनी केला. पदराआडच्या हातांपैकी एकही हलला नाही. हाटपिपल्याची माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बोलो ना जीजी, किवाड़ वाली बात बोलो." मी उठून बोलले. म्हटलं, हिचं म्हणणं वेगळं आहे, हिला फक्त दारं हवीत. साहेब अगदी गोड हसले. म्हणाले, "उनको खुद बोलने दीजिए ना." सगळे तिच्याकडं बघू लागले. तिनं पदर आणखी खाली ओढला. मी साहेबांना म्हटलं, सुपरवायझरला बाहेर पाठवा, मग बघा कशी बोलते. सुपरवायझर लाल झाला. मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं. साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "जिस बेटी पर बीती है, उसकी चुप्पी से ही समझ लीजिए."

कारखान्यात राहून मी पुष्कळ अपमान गिळले आहेत. हा गिळता आला नाही. ज्या मुलीला त्यांनी त्या वेळी न्याय दिला नाही, तिचीच गप्प बसण्याची रीत त्यांनी काठीसारखी वापरली. आणि ती काठी जिच्या पाठीत बसली ती मागच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होती. तिच्याकडं ओळखपत्र होतं, कायदा होता, सगळं होतं. साहेब म्हणाले, कायदा आम्ही मानतो, पण लेडीज़चंही ऐकावं लागतं. आम्ही काय म्हणालो होतो?

तिला फडकी आणि पोछे धुवायची खोली मिळाली. तिथं खिडकी नाही. कपडे बदलून तिथून यायचं तर लोडिंगवाल्यांच्या समोरून, लांब बोळातून, कंपनीच्या पातळ पायजम्यात चालत यावं लागे. ते सहन करून ती येत राहिली. मग क्वालिटीवाल्यांच्या लक्षात आलं की ती बाहेरच्या बोळातून येते, धूळ आणते, तपासणीला माणसं येतील तेव्हा हे चालायचं नाही. तिला बोलावून सांगितलं, आत जायला दोनच दारं आहेत. एक लेडीज़चं, ते तर तुम्हाला माहीत आहे. दुसरं तुमचं जुनं. नाहीतर राजीनामा द्या, आम्ही अडवणार नाही.

मी म्हटलं, वकील गाठू. इंदूरला एक बाई असल्या केसेस घेतात असं पुतणीकडून कळलं होतं. ती म्हणाली, "घेईल ना. पण तोपर्यंत आईला मशीनवर कोण घेईल?"

सोमवारी बसथांब्यावर ती आली तेव्हा मी तिला पटकन ओळखलंच नाही. पॅंट-शर्ट. केस कानापर्यंत कापलेले, आईनंच कापले असावेत, एका बाजूला वाकडे होते. पीथमपुरला उतरलो, आम्ही आमच्या दारानं गेलो, ती पुरुषांच्या. दार लावून घेतलं आणि आम्ही आपापले कपडे उतरवू लागलो.

विटांची भिंत छतापर्यंत आहे, पण वरून एसीचा पाइप जातो आणि त्याच्याभोवती भोक राहिलंय. आधी एक शिट्टी आली. मग हसणं. मग कुणीतरी लांबवून म्हणालं, "आ गए भियाऽऽ!" दुसरा म्हणाला, "अरे, चुन्नी कां भूल आए? ज़रा घूम के तो दिखाओ." टाळ्या. पत्र्याच्या कपाटावर काहीतरी आदळल्याचा आवाज. "ऐ, हट ना, हम भी तो देखें क्या कटवाया." तिचा आवाज कुठंच नव्हता. कुणी मोबाइलचा उल्लेख केला आणि हशा पिकला.

आमच्या खोलीत सगळ्या जागच्या जागी थिजल्या होत्या. एकीचा हात अर्धा बाहीत होता. हाटपिपल्याची दोन्ही कानांवर हात दाबून बाकावर बसली होती, तशीच, त्या सकाळी बसली होती तशी. मला ओरडायचं होतं. माझी ती सुप्रसिद्ध जीभ टाळूला चिकटली होती. पलीकडं सुपरवायझर असेल, साहेबांच्या कानावर जाईल, मग तिलाच भोवेल, असं काय काय एका दमात डोक्यात आलं. मग घंटा झाली. आम्ही टोप्या चढवल्या आणि रांगेनं आत गेलो. ती मशीनपाशी आधीच उभी होती. मास्कवरचे डोळे लाल होते, पण गोळ्यांच्या भुकटीनं सगळ्यांचेच होतात.

संध्याकाळी बसमध्ये माझ्या शेजारची जागा मी पिशवी ठेवून धरली होती. ती आली, बसली. पिशवी मांडीवर घेतली. बस धारच्या रस्त्याला लागली.

मग म्हणाली, "जीजी, तुमच्या खोलीत तिकडचा आवाज येतो का?"

खोटं बोलणं जिवावर आलं. मी म्हटलं, "येतो. सगळा येतो."

ती पुढच्या सीटची दांडी धरून बसली होती.

"अच्छा," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला ऐकू येत नसेल. म्हणून कुणी भिंतीवर हात मारला नाही."